एसी घ्यायच्या आधी खोली तयार करा

गुढीपाडवा उलटला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. प्रश्न एकच असतो, "दीड टन पुरेल की दोन टन घेऊ?" मी उलट विचारतो, वर गच्ची आहे का? आहे. बेडरूमची खिडकी कुठल्या दिशेला? जरा थांबून उत्तर येतं, "पश्चिमेलाच असावी." आणि गच्चीला रंग कुठला? "गच्चीला कुठं रंग असतो का!" मग दोन टनाचा एसी घेतला जातो, मे महिन्याचं बिल येतं आणि जूनमध्ये पुन्हा फोन येतो, यंत्र खराब निघालं म्हणून.

यंत्र बहुधा ठीक असतं, क्रम चुकलेला असतो. लोक आधी एसी घेतात, मग पडदे, मग पंखा बदलतात आणि गच्चीचा विचार तिसऱ्या उन्हाळ्यात करतात. नेमकं उलटं करायचं आहे. किती टन हवा हे खोली तयार झाल्यावरच कळतं.

पुढची सगळी रीत एक खोली डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे: वरच्या मजल्यावरची १० बाय १२ फुटांची बेडरूम, डोक्यावर उघडा स्लॅब, एक भिंत आणि एक खिडकी पश्चिमेला. तुमच्या वर आणखी मजला असेल तर टप्पा २ सोडून द्या, बाकीचं तसंच.

## सुरुवातीआधीची तयारी

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. एप्रिलमध्ये रंगारी मिळत नाही, मिळाला तर दुपारी गच्चीवर उभा राहत नाही, आणि एसी बसवणाऱ्याची तर वाटच पाहावी लागते.

फ्लॅट असेल तर गच्ची सोसायटीची असते, तुमची नाही. कमिटीकडून लेखी परवानगी घ्या. "सेक्रेटरी हो म्हणाले होते" यावर काम सुरू केलं की पावसाळ्यात कुणाच्याही घरात ओल आली तरी बोट तुमच्याकडे येतं. बाहेरच्या बाजूला चिक (बांबूचा पडदा) किंवा जाळी लावायची असेल तर त्याच अर्जात लिहून टाका.

हाताशी काय लागेल? एक साधा खोलीचा थर्मामीटर, अगरबत्ती, वही आणि मागचं वीजबिल. कोविडात घेतलेली कपाळाला लावायची थर्मामीटर गन कपाटात पडली असेल तर ती काढा. बऱ्याच गनमध्ये शरीराऐवजी पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा मोड असतो, तो लावायचा.

## टप्पा १. आधी मोजा

दोन दिवस एसी, कूलर काही न लावता दुपारी ४ आणि रात्री १० वाजता चार नोंदी करा: छत आतून, पश्चिमेची भिंत आतून, पूर्वेची भिंत आतून आणि खोलीतली हवा. गन नसेल तर स्टुलावर चढून छताला तळहात लावा. रात्री १० वाजता भिंतीपेक्षा छत गरम लागलं तर तुमचा मुख्य शत्रू वर आहे. काँक्रीट दुपारी ऊन खातं आणि रात्री ओकतं. म्हणून वरच्या मजल्यावर मध्यरात्रीपर्यंत झोप लागत नाही, बाहेर वारा गार असला तरी.

एसी आधीच असेल तर मीटरची नोंद घ्या. रात्री १० आणि सकाळी ६ चं रीडिंग, एक रात्र एसी लावून, एक रात्र न लावता. दोन्हीतला फरक म्हणजे एसीची वीज. फ्रीज, पंखे दोन्ही रात्री सारखेच असल्यामुळे आपोआप वजा होतात.

आता बिल उलगडा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे असतात, आणि दर टप्प्याला युनिट महाग होतं. एसीची युनिटं तुमच्या नेहमीच्या वापराच्या डोक्यावर चढतात, म्हणजे ती सगळ्यात महाग टप्प्यात मोजली जातात. एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून एसीचा खर्च ठरवू नका, तो कमीच दिसेल. तुमचं शेवटचं युनिट ज्या टप्प्यात पडतं तिथला वीज आकार, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन, वर वीज शुल्क, असं मिळून जे होईल तो तुमचा एसीचा दर. हा आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा, पुढे लागणार आहे.

तपासणी: वहीत चार तापमानं, दोन वेळा, आणि एक दर. एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २. स्लॅब

इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा.

ढोबळ हिशेब असा. नुसता पाच इंची स्लॅब, वरून काळपट, मे महिन्याच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत जातो. आत २६ अंश ठेवायचे असतील तर १२० चौरस फुटांच्या छतातून हजार वॉटच्या आसपास उष्णता खोलीत येते. एक टन एसी म्हणजे साधारण ३,५०० वॉट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. म्हणजे त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग फक्त छताशी झुंजण्यात जातो. तेच छत पांढरं करून पृष्ठभाग ४०-४२ अंशांवर आणला तर ही उष्णता निम्म्यावर येते.

क्रम असा ठेवा:

१. आधी गळती. मागच्या पावसाळ्यात ओल आली होती का ते पाहा. आली असेल तर भेगा, पॅराफीटचा गोल कोपरा आणि पाण्याच्या पाइपाचा खड्डा हे आधी दुरुस्त करा. गळक्या गच्चीवर पांढरा रंग म्हणजे तापावर पावडर लावणं.

२. गच्ची तारेच्या ब्रशनं घासून शेवाळ आणि धूळ काढा, धुवा, आणि पूर्ण दोन दिवस वाळू द्या. इथं घाई करणाऱ्यांचा रंग पहिल्याच पावसात पापड्या होऊन निघतो.

३. स्वस्तात करायचं असेल तर चुना. रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चिकटपणासाठी फेव्हिकॉल मिसळून दोन-तीन हात मारा. जास्त खर्च चालणार असेल तर उन्हाची किरणं परतवणारं गच्चीसाठीचं कोटिंग. डब्यावर "एसआरआय" नावाचा आकडा असतो, तो जितका जास्त तितकं चांगलं. नुसता पांढरा भिंतीचा रंग गच्चीवर लावू नका, तो उभ्या भिंतीसाठी असतो आणि साचलेल्या पाण्यात टिकत नाही.

४. हात सकाळी ९ च्या आत किंवा ऊन उतरल्यावर मारा. तापलेल्या स्लॅबवर रंग लागताक्षणी सुकतो आणि धरत नाही.

गच्चीवर आधीच पांढरा चायना मोझॅक असेल तर तुमचं अर्धं काम बांधणाऱ्यानं करून ठेवलं आहे. त्यावर काही लावू नका, फक्त घासून धुवा. दहा वर्षांची काजळी निघाली की खाली फरक कळतो.

सावधान: चुना कालवताना डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. पाण्याच्या टाकीची झाकणं बंद. पावसाचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडलेलं असेल तर पहिले एक-दोन पाऊस ते पाणी बाहेर वाहू द्या. आणि पांढरी गच्ची ओली झाली की घसरते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा.

लोक विचारतात, फॉल्स सीलिंग करू का? फायदा होतो, पण दुसऱ्या क्रमांकाचा. फॉल्स सीलिंगच्या वर स्लॅब तापलेलाच राहतो, आणि उष्णता वरच अडवणं केव्हाही सरस. शिवाय थर्माकोल उघडा ठेवून छताला चिकटवण्याची एक टूम आहे, ती करू नका. तो पेट घेतो.

नवीन घर बांधत असाल तर हे सगळं नकाशावरच सोडवता येतं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे: दर चौरस मीटरला, आत-बाहेर एका अंशाच्या फरकामागे १.२ वॉट. नुसता स्लॅब याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो. आर्किटेक्टला "छताचा यू-व्हॅल्यू (म्हणजे हाच आकडा) किती येतो?" एवढं विचारा. उत्तर गडबडलं तर स्लॅबवर उष्णतारोधक थर घ्यायचा आग्रह धरा. तेव्हा तो खर्च वॉटरप्रूफिंगमध्ये खपून जातो, नंतर कोबा फोडावा लागतो.

तपासणी: रंग वाळल्यावर पुन्हा दुपारी ४ आणि रात्री १० ची नोंद. छताचा आकडा हलला नसेल तर एकतर थर पातळ झाला आहे किंवा गच्चीवर धूळ बसली आहे.

## टप्पा ३. पश्चिमेची बाजू

दक्षिणेच्या खिडकीला जाड पडदे लावून पश्चिमेची उघडी सोडलेली घरं मी किती पाहिली असतील! मे महिन्यात कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे याच महिन्यात येतो, आणि त्यानंतर तो काही आठवडे उत्तरेकडेच कलतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं नसतंच. मार छतावर, आणि त्यानंतर पूर्व-पश्चिमेवर.

पश्चिमेचं ऊन ४ नंतर तिरपं, खालून येतं. म्हणून खिडकीवरचा छज्जा तिथं कामाचा नाही, उभी आडकाठी लागते. ४ बाय ४ फुटांच्या साध्या काचेतून त्या वेळी पाचसहाशे वॉट उष्णता आत येते. रोज संध्याकाळी दोन तास खोलीत कपड्यांची इस्त्री तापत ठेवल्यासारखं ते आहे.

अडवायचं ते काचेच्या बाहेर. आतला पडदा, कितीही जाड असला तरी, काच ओलांडून आलेल्या उन्हानं तापतो आणि खोलीतच बसतो. बांबूची चिक, शेडनेटची जाळी, बाहेरची लाकडी झडप, वेल चढवलेली जाळी, काहीही चालेल. जाळी काचेपासून वीतभर लांब ठेवा म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. बाहेर काही लावायला परवानगीच नसेल तर काचेवर ऊन परतवणारी फिल्म लावा, आणि आतला पडदा बाहेरून पांढऱ्या अस्तराचा घ्या.

विदर्भात वाळ्याच्या ताट्यांची सवय आहे. ताटी सावलीसाठी उत्तम, पण एसी चालू असताना तिच्यावर पाणी मारू नका. त्याच कारणानं कूलर आणि एसी एका खोलीत एका वेळी नकोत. कूलर हवेत ओलावा घालतो, एसी तोच ओलावा काढायला वीज जाळतो.

## टप्पा ४. फटी

खोलीतले पंखे बंद करा, दार-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू करा आणि अगरबत्ती पेटवून फटींपाशी धरा. धूर जिथं हलतो तिथं हवा ये-जा करते.

हमखास सापडणाऱ्या जागा: दाराखालची फट, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचे रूळ, जुन्या खिडकीएसीचं प्लायनं झाकलेलं भोक, आणि संडास-बाथरूमचं दार. शेवटचं लोक विसरतात. आतल्या जाळीच्या खिडकीतून गरम हवा येते आणि दार उघडं असलं की एसी अख्खं बाथरूम गार करत बसतो. दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग लावा. बाकी ठिकाणी ब्रशपट्टी, रबरपट्टी, भोकाला सिमेंट. एका दुपारचं काम आहे.

सावधान: गॅस गीझर असलेल्या बाथरूमची हवेची वाट कधीही बंद करू नका. त्यात जीव जातो.

## टप्पा ५. पंखा

वारा अंगावरून फिरला की दोन-तीन अंश कमी वाटतात. म्हणजे २४ ऐवजी २६-२७ वर एसी ठेवून तीच झोप मिळते. ब्युरोचा ठोकताळा असा की एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. जुना पंखा ७०-८० वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०-३५.

"पंखा वरची गरम हवा खाली आणतो" ही तक्रार खरी आहे, पण तापलेल्या स्लॅबखालीच. टप्पा २ झाला असेल तर ती राहत नाही.

## टप्पा ६. आता टन आणि स्टार

आता दुकानात जा. टप्पा २ ते ४ झालेल्या १२० फुटांच्या खोलीला एक टन पुरतो. काहीच केलं नसेल तर त्याच खोलीला दीड लागला असता. १५० ते १८० फुटांना दीड. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे थोडी मोकळीक ठेवा, कारण एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते आणि ४५ अंशांत ती घटते.

"जरा मोठाच घेऊ" हे कोकणात, मुंबईत, गोव्यात अंगाशी येतं. मोठं यंत्र खोली झटकन गार करून थांबतं, ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग २३ अंशांतही अंग चिकट राहतं आणि माणूस आणखी खाली नेतो.

लेबलवर तीन गोष्टी वाचा:

- क्षमता वॉटमध्ये. "दीड टन" हे नाव झालं. काही दीड टनी यंत्रं ५,२०० वॉटची असतात, काही ४,८०० ची.
- आयएसईईआर (ISEER) आकडा, म्हणजे खाल्लेल्या विजेच्या किती पट गारवा यंत्र देतं, आणि लेबलचं वर्ष. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुन्या साठ्यातला पाच स्टार आजच्या पाच स्टारइतका नसतो. स्टार मोजू नका, आकडा पाहा.
- वार्षिक युनिट. हे वर्षाला १,६०० तास धरून काढलेले असतात. तुम्ही रात्री ८ तास, ७५ रात्री लावणार असाल तर ६०० तास होतात.

समजा तीन स्टारवर ९५० युनिट लिहिलेत आणि पाच स्टारवर ७५०. फरक २००, तुमच्या ६०० तासांना तो ७५ युनिट. त्याला वहीतल्या पहिल्या पानावरच्या दरानं गुणा आणि किमतीतल्या फरकाला त्यानं भागा, किती वर्षांत पैसे वसूल होतात ते समोर येईल. रात्रीपुरता एसी लावणाऱ्याला कधी कधी तीन स्टार इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) एसी परवडतो. दिवसभर घरून काम करणाऱ्यानं पाच स्टारच घ्यावा.

## टप्पा ७. बसवताना तिथं उभं राहा

चांगलं यंत्र वाईट बसवलं की सगळं वर केलेलं पाण्यात. वायरमनकडून आधी वेगळी लाइन ओढून घ्या: ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरी अर्थिंग. मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घ्या.

बाहेरचं युनिट गच्चीवर सावलीत, मागे फूटभर आणि पुढे मोकळी जागा ठेवून. सावली हवी, पण वरून पत्र्याची पेटी नको. डक्टमध्ये कोंडलेलं युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. नळी जितकी छोटी तितकी बरी, आणि जाड-बारीक दोन्ही नळ्यांना वेगवेगळं फोमचं वेष्टण. एकाच फोममध्ये दोन्ही गुंडाळलेल्या दिसल्या तर थांबवा.

मुख्य गोष्ट, व्हॅक्यूम पंप. गॅस सोडण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओल पंपानं काढायची असते. पुष्कळ जण घाईत थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात. पंप आणलाय का, हे दारातच विचारा. नसेल तर उद्या या म्हणा. मग सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा.

पुढे कुणी "दर वर्षी गॅस भरावाच लागतो" म्हणालं तर भरू देऊ नका. नळ्या बंद असतात. गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे, ती आधी शोधायची.

## टप्पा ८. रोजची सवय

पुण्या-नाशकात रात्री हवा उतरते. तिथं जाळ्या लावलेल्या खिडक्या संध्याकाळी उघडा, गरम हवा जाऊ द्या, मग बंद करून एसी लावा. मुंबईत याचा उपयोग थोडा, तिथं दमट दिवसांत ड्राय मोड वापरून पाहा.

१६ वर ठेवलं म्हणून खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त थांबायचं विसरतं. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या एसी सुरू होताना २४ वरच येतात. तिथून वर जा: २६, पंखा एकवर, पहाटे ४ चा टायमर. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, रस्त्याकाठचं घर असेल तर आठवड्यानं.

## टप्पा ९. पुन्हा मोजा

एप्रिलच्या शेवटी टप्पा १ ची मीटरची नोंद तशीच करा, १० ते ६. वही शेजारी ठेवा. आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला तर याच क्रमानं मागे तपासा: फिल्टर, बाथरूमचं दार, बाहेरच्या युनिटसमोर वाळत घातलेली चादर (हे विनोदानं लिहीत नाही), गच्चीवरची धूळ. मेकॅनिकला बोलावणं या यादीत सगळ्यात शेवटी.

चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, कोकणात तर शेवाळानं काळाच पडतो. कोटिंग जास्त टिकतं, पण मळतं. दिवाळीनंतर गच्ची घासून ठेवा आणि होळीच्या आत पुन्हा एक हात मारा.